बिराजदार मॅडमची सहावी वाटी

बिराजदार मॅडम आधी समोरच्याचा डबा बघत आणि मग चेहरा. लातूरच्या आमच्या कॉलेजात मी नवीन रुजू झालो तेव्हा स्टाफरूममध्ये त्यांनी माझं नाव, गाव, विषय यातलं काहीच विचारलं नाही. माझ्या डब्याचं झाकण दोन बोटांनी उचललं, आतला पांढरा भात आणि बटाटा बघितला, झाकण परत ठेवलं आणि विचारलं, "गुडघे दुखतात का?"

मी नाही म्हणालो.

"दुखतील," त्या म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या.

थोड्या वेळानं माझ्यासमोर स्टीलची एक वाटी आली. तिच्यात तिळाची आणि जवसाची चटणी होती. मी ती खाल्ली, वाटी नळाखाली धुतली आणि नेऊन दिली. त्यांनी आधी वाटीत बघितलं, मग माझ्याकडे. "रिकामी?" एवढंच म्हणाल्या.

मला अपराधी वाटायला मोठं कारण लागत नाही. रिक्षावाल्याकडे सुट्टे नसले तरी मला ती माझी चूक वाटते. पण इथं कारण होतं. माझं गाव अर्धापूर, आणि आमच्याकडेही शेजाऱ्याची वाटी रिकामी परत जात नाही. माहीत असून मी दिली होती. दुसऱ्या दिवशी मी केळी घेऊन गेलो. त्या म्हणाल्या, "केळी वाटीत मावत न्हाईत, सर. पण चालतंय."

मॅडम आहारशास्त्र शिकवायच्या. माहेर उदगीरचं, वडलांचं किराणा दुकान. वर्गात त्या पुस्तकी मराठी बोलत, वर्गाबाहेर उदगीरची, आणि राग आला की कानडी. राग क्वचित यायचा. बाकी वेळ त्यांच्या चेहऱ्यावरून त्या गंमत करताहेत की निदान, हे कळायचं नाही. स्टाफरूममधल्या चहाच्या किटलीच्या बुडाला बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसायचा. शिपाई तो खरवडायला निघाला की मॅडम त्याला थांबवत आणि विद्यार्थ्यांना आत बोलावत. "बघा," म्हणत, "ही लातूरची साय. ह्याच्यातही कॅल्शियम हाय. आपण न मागता मिळतं." मग शिपायाला म्हणत, "हं, खरवडा आता." आणि जेवल्या जेवल्या चहा घेणाऱ्याच्या हातातला कप त्या सरळ काढून घ्यायच्या. पोटात आलेल्याला आधी नीट बसू द्या, असं त्यांचं म्हणणं होतं.

आमच्या प्राचार्यांना मोबाईलवर कुणीतरी संदेश पाठवला होता की रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून घेतला तर हाडं लोखंडाची होतात. त्यांनी सुरू केलं आणि स्टाफ मीटिंगमध्ये सगळ्यांना शिफारस केली. सगळे माना हलवत होते. मॅडमना मत विचारलं.

"कॅल्शियम हाय की चुन्यात," त्या म्हणाल्या. "भिंतीतबी हाय. पण भिंतीला लावा सर, भिंतीला गुण येतो."

मीटिंग पुढच्या विषयावर गेली.

कॅल्शियम हा त्यांचा विषय नव्हता, तो त्यांचा नातेवाईक होता. त्याच्या स्वभावाबद्दल त्या बोलत. वर्गात हाडांचं एका तासात उरकायच्या, कारण ते सगळ्यांना माहीत असतं, आणि मग खऱ्या गोष्टीकडे वळायच्या. शरीरातली जुनाट सूज, जी डोळ्यांना दिसत नाही, आणि पेशींना आतून चढणारा गंज. मी एकदा मागच्या बाकावर बसून तो तास ऐकला आहे. खाण्यात कॅल्शियम कमी पडलं की शरीर घाबरतं, असं त्या सांगत होत्या. हाडातला साठा बाहेर काढतं, आणि भाव वाढणार म्हणून घाबरलेल्या व्यापाऱ्यासारखं नको तिथं भरून ठेवतं. चरबीच्या पेशीत भरतं. कोंदट गोदामात मालाचं जे होतं ते मग तिथं होतं. गंज चढतो, सूज येते. म्हणजे बाहेर टंचाई आणि आत साठेबाजी. लातूरच्या पोरांना गोदाम समजावून सांगावं लागत नाही. सगळ्यांनी लिहून घेतलं. तेव्हा मॅडम म्हणाल्या, "हे उंदरांत चांगलं दिसलंय. माणसांत अजून सगळ्यांचं एकमत न्हाई. तेही लिहा." ते कुणी लिहिलं नाही. त्या थांबून राहिल्या, सगळ्यांनी लिहीपर्यंत.

त्यांचा दुसरा मुद्दा असा की कॅल्शियम कुणाबरोबर येतं हे बघावं. गोळीतलं कॅल्शियम एकटं येतं. दुधातलं खटल्यासह येतं, प्रथिनं वगैरे सगळी लेकरंबाळं घेऊन. तिळातलं येतं ते तेल घेऊन, शेवग्याच्या पाल्यातलं आणखी कुणाला. एकट्या पाहुण्यानं घरात पडणारा फरक आणि खटल्यानं पडणारा फरक सारखा कसा असेल? परीक्षेत एका मुलीनं उत्तरात "खटलं" हा शब्द वापरला. मॅडमनी पूर्ण गुण दिले.

हे माणसांत तपासायचं, असं त्यांनी फार उशिरा ठरवलं. निवृत्ती दिसायला लागल्यावर पीएच.डी.ला नाव घातलं. कारण उदगीरला होतं. त्यांची आई, त्यांची अव्वा, अंगणात साधी पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं ते नीट जुळलंच नाही. घरात दोन म्हशी होत्या, पण दूध दुकानात विकायला आणि मुलांना. अव्वा कोरा चहा प्यायची. आता ती खाटेवर असते आणि रोज फोनवर एकच विचारते, की डॉक्टर झालीस का. कुणीतरी तिला सांगून ठेवलं होतं की मुलगी हाडांची डॉक्टर होणार आहे. ही चूक मॅडमनी दुरुस्त केली नव्हती. मला वाटतं त्यांनी दुरुस्त न केलेली ती एकच चूक असेल. "तिच्यादेखत व्हायला पाहिजे, सर," त्या मला म्हणाल्या. त्याहून जास्त त्या यावर कधी बोलल्या नाहीत.

अभ्यास त्यांच्या घरामागच्या गल्लीत झाला. डाळमिलच्या पाठीमागची ती गल्ली. दुपारी तुरीच्या टरफलांची धूळ उडते आणि दारातली रांगोळी संध्याकाळपर्यंत पिवळी होते. तिथल्या मध्यम वयाच्या, वजन वाढलेल्या, गुडघे धरून उठणाऱ्या बायका त्यांनी निवडल्या. मी सांख्यिकी शिकवतो, म्हणून आकड्यांचं माझ्याकडे. मॅडमचं म्हणणं होतं, एका बाजूच्या ओळीला दूध-दही द्यावं, समोरच्या ओळीला तिळाची चटणी आणि शेवग्याचा पाला, टोकाच्या घरांना गोळ्या. मी म्हणालो, असं चालत नाही, चिठ्ठ्या टाकाव्या लागतात, नाहीतर निष्कर्षात दोष राहतो. हे शास्त्राप्रमाणे बरोबर होतं, अजूनही बरोबर आहे. एक गट काहीच न खाणारा असावा असंही मी सुचवलं होतं. त्या चिठ्ठ्या निघाल्यावर ज्यांच्या वाट्याला काहीच आलं नाही त्या बायका उठून घरी जायला लागल्या. "आमचं काय वाकडं केलंय तुमचं?" असं त्यातल्या एकीनं मला विचारलं. तो गट रद्द केला.

तर चिठ्ठ्यांप्रमाणे शकुंतलाबाईंना गोळ्या आल्या, त्यांच्या शेजारच्या रेहानाभाभींना दूध-दही आणि पलीकडच्या घरात चटणी. असं सगळ्या गल्लीभर. महिने गेले. सुरुवातीला रक्त तपासलं होतं, शेवटी पुन्हा तपासलं. सूज आणि गंज किती ते दाखवणारे आकडे त्यातून मिळतात. बायका त्याला गंजाची तपासणी म्हणत. शकुंतलाबाई मला रस्त्यात थांबवून विचारायच्या, "सर, माझा गंज किती निघाला?"

सगळ्यांचाच कमी निघाला. आणि तिन्ही गटांत सारखाच. मी गणित पुन्हा पुन्हा केलं. फरक नाही. मॅडमचे मार्गदर्शक नांदेडला होते, त्यांना फोनवर कळवलं तेव्हा ते खूश झाले. गोळी, दूध, तीळ, तिन्ही सारखेच. सुटसुटीत निष्कर्ष आहे, लिहून टाका म्हणाले. मीही मॅडमचं अभिनंदन केलं.

त्यांनी ते घेतलं नाही. "एकटा आला काय नि खटलं आलं काय, घराला फरकच न्हाई?" एवढं म्हणून त्यांनी पर्स उचलली आणि आम्ही गल्लीत गेलो.

पहिलंच घर शकुंतलाबाईंचं. त्यांनी आम्हाला स्वयंपाकघरातच बसवलं. ओट्यावर अर्धी वाटी दही होतं. मॅडमनी वाटी उचलून फिरवून बघितली. आपल्याकडे भांड्यावर नाव घालून घेतात. त्या वाटीवर ठिपक्याठिपक्यांनी लिहिलं होतं, रेहाना.

"ही कुणाची?"

"रेहानाभाभीची की. तिला दूध-दही हाय न्हवं तुमच्याकडून. तिनं लावलं, मला दिलं."

"रोज?"

"रोज कशाला. एक दिवस आड."

"मग वाटी परत देताना?"

शकुंतलाबाईंनी माझ्याकडे बघितलं, मॅडमला हे माहीत नाही का, अशा नजरेनं. "रिकामी कशी देऊ, मॅडम? चटणी घालून देते."

"चटणी तुमच्या गटाला न्हवती."

"न्हवतीच. पलीकडच्या घरची येती. तिला चटणीच चटणी दिलीय तुम्ही, एकटी किती खाईल ती? तिला मी भाभीचं दही देते."

मी जमिनीकडे बघत होतो. मॅडमनी शांतपणे विचारलं, "आणि गोळ्या?"

"गोळ्या गुलाबाला घातल्या. खोटं कशाला बोलू." त्यांनी मागचं दार उघडून दाखवलं. गुलाब चांगला आला होता.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी चमचा मागितला आणि उभ्या उभ्या ते दही खाल्लं. मग घरोघर गेल्या. प्रत्येक घरात दुसऱ्याच्या नावाची वाटी होती. काही घरांत तिघींच्या नावाच्या. शेवटच्या घरातून बाहेर पडल्यावर त्या गल्लीच्या तोंडाशी थांबल्या, साडीवरची धूळ झटकली आणि म्हणाल्या, "कदम सर, हे तीन गट न्हाईत. ही एक गल्ली हाय."

मी म्हणालो की चूक माझी आहे, चिठ्ठ्यांचा आग्रह माझा होता, ओळीनं दिलं असतं तर कदाचित…

"वाट्या तुम्ही फिरवल्या का?"

"नाही."

"मग गप बसा. प्रत्येक गोष्टीत हिस्सा मागायचा न्हाई."

नांदेडला विद्यापीठात समितीपुढे अभ्यास मांडायचा होता. आम्ही एसटीनं गेलो. अहमदपूर आलं तेव्हा त्यांनी डबा उघडला, मला अर्धी भाकरी आणि पाल्याची भाजी दिली, आणि खिडकीतून बघत राहिल्या. विद्यापीठाच्या व्हरांड्यात मार्गदर्शक भेटले. भले गृहस्थ होते. मॅडमची पीएच.डी.ची मुदत त्याच वर्षी संपत होती आणि पुढे मिळणार नव्हती, हे त्यांना माहीत होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, ते वाट्यांचं मांडू नका. आकडे खरे आहेत ना? कोण जातंय गल्लीत बघायला?"

"मी जाऊन आले की, सर," मॅडम म्हणाल्या.

आत त्यांनी आकडे नीट मांडले. शेवटी वाट्यांचे फोटो दाखवले, नावं वाचता येतील असे. म्हणाल्या, सगळ्यांनी सगळं खाल्लं आहे, गोळ्या सोडून. गुण आलेला दिसतो, पण तो कशानं आला हे मला सांगता येत नाही, आणि काहीच न खाणारा गट नसल्यामुळे खाण्यानंच आला हेही सांगता येत नाही. समितीतल्या एकांनी विचारलं, एकमेकींना द्यायचं नाही हे बायकांना सांगितलं नव्हतं का. मॅडम म्हणाल्या, "सांगितलं होतं. सगळ्यांनी मान हलवली. मग मला चहा करायला एकीनं दुसरीकडून साखर आणली." कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. समितीनं नव्यानं, वेगळ्या वस्तीत, पुन्हा करायला सांगितलं. ते बरोबरच होतं आणि वेळ नव्हता. विषय तिथं संपला.

परतीच्या बसमध्ये अव्वाचा फोन आला. मॅडम कानडीत बोलल्या. मला कानडी येत नाही, पण "आगलिल्ला" एवढं कळलं. झालं नाही. पलीकडून बराच वेळ आवाज येत होता. फोन ठेवून त्यांनी पर्स बंद केली. लोहा गाव मागे गेलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अव्वा विचारायली, त्या बायकांचे गुडघे कसे हायत."

"मग?"

"बरे हायत म्हटलं. मग म्हणली, बायका बऱ्या झाल्या तर डॉक्टर कामून न्हाई झालीस? कशानं बऱ्या झाल्या ते सांगता येईना म्हणून, असं सांगितलं." त्यांनी खिडकीची काच ओढून घेतली. "तिला पटलं न्हाई."

गल्लीतल्या बायकांनाही पटलं नाही. मॅडम निवृत्त झाल्या त्या आठवड्यात बायकांनी त्यांना सहा वाट्यांचा संच दिला. भांडं रिकामं देत नाहीत, म्हणून सहाही भरलेल्या, वर कागद बांधलेला. शेवग्याचा पाला, चटणी, राजगिऱ्याचे लाडू. मी पिशवी धरायला गेलो होतो. दह्याची वाटी मॅडमनी माझ्या हातात दिली, "हे सांडंल माझ्याकडं, घरी न्या" म्हणाल्या. घरी बायकोनं दही काढून वाटी घासली तेव्हा नाव दिसलं. डॉ. सुलोचना बिराजदार.

दुसऱ्या दिवशी मॅडम बाकीच्या पाच वाट्या घेऊन भांड्याच्या दुकानात गेल्या. नाव घालणाऱ्याला म्हणाल्या, पुढचं अक्षर काढा. तो म्हणाला, घालायचं मशीन आहे, काढायचं नाही. मग त्यांनी त्याच्याकडून त्या अक्षरावर आडव्या रेघा मारून घेतल्या. आता पाचही वाट्यांवर नावाच्या आधी खरबरीत डाग आहे. शकुंतलाबाईंना हे कळलं तेव्हा त्या भांडायला आल्या. आम्ही दिलेलं खोडायचा तुम्हाला काय अधिकार, असं त्यांचं म्हणणं. मॅडम त्यांना म्हणाल्या, "जे आपलं न्हाई ते नावापुढं ठेवून दही कसं खाऊ, सांगा."

मग मला म्हणाल्या, "सहावी तुमच्याकडं हाय. आणून द्या."

मी आणतो म्हणालो. आणली नाही. पुढच्या वेळी विसरलो म्हणालो. खरं तर विसरलो नव्हतो. ती वाटी आमच्या फडताळात सगळ्यात वर, मागे होती, आणि ती परत गेली की तिच्यावर रेघा येणार हे मला माहीत होतं. बायको म्हणायची, अहो, लोकाची वाटी अशी किती दिवस ठेवायची. मी म्हणायचो, देतो. मला त्याचंही अपराधी वाटायचं आणि ती दिली तर जास्त वाटेल, असंही वाटायचं.

मग कळलं की मॅडम लातूरचं घर सोडून उदगीरला अव्वाकडे राहायला चालल्या आहेत. आता पर्याय नव्हता. मी स्वतः तीळ भाजले, जवस भाजले, कुटले, वाटी भरली, कागद बांधला आणि बसस्टँडवर गेलो. उदगीरची बस लागली होती. मॅडम खिडकीत बसल्या होत्या, मांडीवर पिशवी. सामान आधीच गेलं होतं. मी खिडकीतून वाटी वर दिली.

त्यांनी कागद सोडला, बोटानं चटणी चाखली. "मीठ जास्त झालंय," म्हणाल्या. मग पिशवीतल्या डब्याचं झाकण काढून सगळी चटणी त्यात ओतली, रुमालानं वाटी पुसली आणि फिरवून नाव बघितलं. बराच वेळ बघितलं. कंडक्टर आत चढला. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

त्यांनी पिशवीत हात घातला, राजगिऱ्याचे दोन लाडू काढले, वाटीत ठेवले आणि वाटी खिडकीतून माझ्या हातात दिली.

"मॅडम, वाटी तुमची आहे," मी म्हणालो.

"रिकामी कशी परत करू, सर?" त्या म्हणाल्या.

बस मागे आली, वळली आणि फाटकातून बाहेर पडली. त्या खिडकीतून बाहेर बघत नव्हत्या. शेजारच्या बाईच्या मांडीवर डबा होता, त्याचं झाकण त्यांनी दोन बोटांनी उचललं होतं.